दोन सूर्यांचं पोस्टर

परवा व्हिडिओ फोनवर बोलताना तुम्ही दोघांनी माझ्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवून विचारलंत, "आजी, त्या चित्रात दोन सूर्य का आहेत?" मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर सांगायला घेतलं असतं तर मधेच तुमची शाळेची बस आली असती, आणि ही गोष्ट मधे तोडण्यासारखी नाही. म्हणून आज सकाळी देवपूजा, नाश्ता, भांडी सगळं आवरून बसले आहे. पहिल्यापासून सांगते.

मला पोस्टरं आवडतात हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ही आवड गॅलरीतली नव्हे. औरंगाबादला आमच्या इंग्रजी शाळेत चित्रकलेच्या एक बाई होत्या. त्या बटाट्यात पानं-फुलं कोरून कागदावर उमटवायला शिकवत. त्यांचं म्हणणं असं की चांगलं पोस्टर चालत्या बैलगाडीतूनही वाचता आलं पाहिजे. मी ते मनात ठेवलं. लग्न होऊन शिरूर कासारच्या बाजूच्या एका खेड्यात आले, तुमचे आजोबा तिथे शाळामास्तर होते, तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली पुठ्ठ्यात जपून ठेवलेली पोस्टरं होती. हिवतापाचं एक होतं, त्यातला डास शेळीएवढा. जत्रेतल्या तंबू-सिनेमाचं एक होतं, फक्त लाल आणि निळ्या शाईत छापलेलं, आणि त्यातल्या नायिकेच्या गालाचा लाल रंग जरा सरकून कानावर गेलेला. मला ते सरकलेपण फार आवडायचं. तुमच्या पणजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्यांदा ट्रंक उघडली तेव्हा डास पाहून म्हणाल्या, "माहेरनं हे दिलंय व्हय? बरं हाय. चोर उघडंल तर पळून जाईल."

पुढे तो डास त्यांनीच स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला.

आता ते वर्ष. पाऊस आला नाही. आषाढात ढग येऊन गेले, श्रावणात तेही येईनात. बैलजोडी उन्हाळ्यातच विकली होती, त्यामुळे पोळा आमच्या घरी मातीच्या बैलांवर झाला. एरवी पोळ्याला पणजीचं एक काम ठरलेलं असे. पितळी फुलपात्राची कड गेरूत बुडवायची आणि बैलाच्या पाठीवर, पोटावर गोल गोल ठसे मारत जायचं. पांढऱ्या अंगावर लाल चांदण्या उमटल्यासारखं दिसे. त्या वर्षी गेरू भिजवलेला तसाच वाटीत वाळला. त्यांनी तो फेकला नाही. झाकण ठेवून कोनाड्यात ठेवला.

शेतात काही नव्हतं, पण म्हशी होत्या. कडबा संपत आला होता तरी बायकांनी कुठून कुठून चारा आणून त्या जगवल्या होत्या. दूध मात्र जायचं हॉटेलवाल्याकडे नाहीतर खव्याच्या भट्टीवर, आणि ते लोक देतील तो भाव. म्हणून गावातल्या बायकांनी मिळून महिला दूध संस्था काढली. तिच्या अध्यक्ष झाल्या आमच्या शेजारीण. गावाने त्यांचं नावच चेअरमनबाई करून टाकलं. विधवा बाई, दोन म्हशी, एक मुलगा, एक सून, आणि जिभेला धार. संस्थेची पाटी लागली, मोजमापाची भांडी आली, पण दूध न्यायला गाडी नव्हती. तालुक्याच्या दूध संघाचा टेम्पो फाट्यावरून सरळ पुढे जायचा.

चेअरमनबाईंनी संघाच्या साहेबांचा इतका पाठपुरावा केला की शेवटी ते स्वतः आले. पारावर बसून चहा प्याले आणि म्हणाले, "मंगळवारी सकाळी टेम्पो आत वळवतो. कॅन भरलेले दिसले तर रोजचा फेरा चालू करतो. रिकामे दिसले तर पुन्हा मागू नका."

साहेब गेल्यावर चेअरमनबाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "मास्तरीणबाई, टेम्पो लागला तर दोन्ही म्हशी ठिवाव्या लागतील. म्हशी ठिवल्या तर माणूस घरी लागतंय. मग माझी सून कोयत्यावर जायची न्हाई."

कोयत्यावर जाणं म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला कारखान्याकडे जाणं. आमच्या भागातली निम्मी गावं तेव्हा रिकामी होतात. त्यांची सून ओली बाळंतीण होती. आधीचं मूल उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत जन्मलं होतं आणि थंडीत गेलं होतं. चेअरमनबाईंनी हे मला त्या दिवशी सांगितलं नाही. गरज नव्हती. गावात सगळ्यांना माहीत होतं.

अडचण अशी की संस्थेच्या बायका एका जागी राहत नव्हत्या. काही गावात, काही मळ्यात, आणि सगळ्यात जास्त म्हशी नदीपलीकडच्या वस्तीवर. एकेकीला गाठून सांगायचं तर दिवसभर सगळ्या पाण्याच्या मागे पांगलेल्या. टँकर येई तिकडे पळायचं, नाहीतर झऱ्यावर जाऊन बसायचं. बीडला छापखाना होता, पण तिथून पोस्टरं येईपर्यंत मंगळवार होऊन गेला असता.

मी म्हटलं, "आपण घरी छापू."

चेअरमनबाई माझ्याकडे आणि मग पणजीकडे बघत राहिल्या. "काकू, सून बरी हाय ना तुमची?"

"बरी हाय," पणजी म्हणाल्या. "तिला फकस्त कागूद लागतंय."

कागद मिळाला तो गमतीचा होता. साखर कारखान्याच्या निवडणुकीत हरलेल्या पॅनेलची पोस्टरं सोसायटीच्या गोदामात गठ्ठ्याने पडून होती. पुढे मोठी छत्री, त्यांचं चिन्ह, आणि मागची बाजू कोरी. तुमच्या आजोबांनी रीतसर विचारून ती आणली. गोदामाचा वॉचमन म्हणाला म्हणे, "न्या बिनधास्त. यंदा छत्रीला कोण इचारतंय."

ठशासाठी मी झिजलेल्या रबरी चपलांचे तळ गोळा केले. सपाट घासून, एकाला एक जोडून लाकडी पाटाच्या पाठीवर चिकटवले. कोरायला दाढीचं पातं, आणि बारीक रेघांसाठी छत्रीची तार घासून टोकदार केलेली. शाई म्हणजे कंदिलाच्या काचेची काजळी आणि जवसाचं तेल, खलबत्त्यात घोटून घोटून मधासारखं केलेलं. लाटण्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवली की रूळ तयार. हे सगळं तुम्ही तुमच्या ओट्यावर करू शकाल. काजळीऐवजी दुकानातली शाई घ्या, आणि पाट तुमच्या आईला विचारून घ्या.

चित्र कसं असावं याचा मी फार विचार केला नाही, कारण ते गावातच तयार होतं. आमच्याकडे वेळ घड्याळावर सांगत नसत. "दिस डोंगरावर आला की ये," म्हणजे सकाळी. "दिस देवळावर गेला की बसू," म्हणजे संध्याकाळी. पारावर उभं राहिलं की डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला मारुतीचं देऊळ. डोंगरामागून सूर्य वर यायचा आणि देवळाच्या कळसामागे उतरायचा. तेव्हा चित्र असं ठरलं: डावीकडे डोंगर, उजवीकडे देऊळ, मधे डोक्यावर चरवी घेतलेली बाई, आणि डोंगरावर गेरूचा लाल सूर्य. खाली अक्षरं दोनच ओळी. "मंगळवारी दूध आणा." वेळ सांगायचं काम सूर्याचं. रबरात अक्षरं कोरणं जिवावर येतं, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतंच.

ठसा उलटा उमटतो हे मला ठाऊक होतं. म्हणून अक्षरं मी पातळ कागदावर लिहून, कागद पालथा करून, मागून गिरवून घेतली. त्यातच माझा अर्धा दिवस गेला. चित्र काय, ते सरळच खडूने रबरावर काढलं आणि कोरलं.

पहिला कागद ठशावर ठेवून मी वाटीच्या बुडाने पाठीमागून घासत गेले, आणि मग एका कोपऱ्याने हळूच उचलला. ओल्या शाईचा तो चिकट आवाज मला अजून ऐकू येतो. अक्षरं सुलटी, स्वच्छ, ठसठशीत उमटली होती. ओट्यावर जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी सुद्धा अक्षरंच बघत होते.

मग काम वाटून घेतलं. मी शाई लावून घासायची, चेअरमनबाईंच्या सुनेने बाळाला मांडीवर घेऊन कागद पुढे सरकवायचे, तुमच्या आजोबांनी ते आडव्या दोरीवर वाळत घालायचे. सूर्य पणजीचा. कोनाड्यातला तो पोळ्याचा गेरू त्यांनी पाणी आणि बाभळीचा डिंक घालून पुन्हा भिजवला होता. गोंधळ नको म्हणून मी छापायच्या आधीच प्रत्येक कागदाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक खूण करून ठेवली होती. त्या खुणेवर फुलपात्र टेकवायचं. पणजी एकेक ठसा असा मारत होत्या जणू समोर बैलच उभा आहे. मधेच कागदाच्या कडेवर थोपटून म्हणाल्या, "हाल नको रं."

संध्याकाळपर्यंत दोरीभर सूर्य लटकले. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, आणि आम्ही ती पोस्टरं देवळाच्या भिंतीवर, चावडीवर, शाळेवर, टँकर थांबायच्या जागी, मळ्यांच्या वाटेवर आणि नदीपलीकडच्या वस्तीवर लावून घेतली.

सोमवारी सकाळी मी घागर घेऊन टँकरला गेले. खरं सांगायचं तर घागर निमित्त होतं, मला चावडीच्या भिंतीवरचं पोस्टर बघायचं होतं. छान दिसत होतं. बैलगाडीतूनच काय, टँकरमधूनही वाचता आलं असतं. मागची छत्री कागदातून अंधुक दिसत होती तीही मला शोभेची वाटली. मी मान तिरकी करून बघत उभी होते आणि तेवढ्यात डोंगराआडून सूर्य वर आला. उजेड भिंतीवर पडला. मी मागे वळून डोंगर पाहिला, पुन्हा पोस्टर पाहिलं.

पोस्टरवर सूर्य देवळावर होता.

ठशाने डोंगर उजवीकडे नेला होता आणि देऊळ डावीकडे. सूर्य मात्र पेन्सिलच्या खुणेवर, डावीकडेच राहिला होता. दोन्ही कामं नीट, नेमकी, सांगितल्याप्रमाणे झाली होती, आणि दोन्ही मिळून गावभर एकच निरोप गेला होता: दूध संध्याकाळी आणा.

शेजारी नळीखाली घागर लावून उभ्या असलेल्या बाईला मी विचारलं, "उद्या दूध कधी आणणार तुम्ही?"

"कधी म्हंजी? सांच्याला. तुमीच तर लावलंय. सकाळचं खव्याला घालून येते."

मी घागर तिथेच सोडून चेअरमनबाईंच्या घरी पळाले. त्या म्हशीखाली बसल्या होत्या. मी सांगितलं. त्या धार काढत राहिल्या, पण चरवीत पडणारा आवाज बदलला. मग म्हणाल्या, "लई मन लावून छापलं वो मास्तरीणबाई." एवढंच. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि सुनेने त्याला उचलल्याचा.

नवीन पोस्टरं छापायला वेळही नव्हता आणि कागदही. मी म्हटलं, "आहेत त्यांच्यावरच दुरुस्ती करू. देवळावरच्या सूर्यावर काजळीची काट मारायची आणि डोंगरावर नवा सूर्य काढायचा."

शेजारून आमचं बोलणं ऐकून पणजी तोवर गेरूची वाटी आणि फुलपात्र घेऊन आल्या होत्या. काट म्हटल्यावर थांबल्या. "काट? सूर्यनारायणावर?"

"आत्या, चित्र आहे ते."

"चित्र असू दे न्हाईतर काई. रोज सकाळी पानी कुणाला घालते मी? त्याच्या तोंडावर काजळी फासायची न्हाई. आधीच रुसलाय कमी हाय का?"

वाद घालायला सवड नव्हती. म्हणून काट कुठेच मारली नाही. पणजी, मी आणि चेअरमनबाई भिंतीमागून भिंत फिरलो आणि प्रत्येक डोंगरावर एकेक सूर्य उमटवत गेलो. दिसेल त्या बाईला तोंडाने सांगायचं, "सकाळी, बरं का, सकाळी." शाळेच्या भिंतीजवळ एक म्हातारी काठी टेकून उभी होती. तिने दोन सूर्य नीट पाहिले आणि म्हणाली, "एकानंच भाजून काढलंय आमाला. तुमी आनिक एक आनला व्हय गं?" त्या सकाळी चेअरमनबाई पहिल्यांदा हसल्या.

नदीपलीकडच्या वस्तीवर पोचेपर्यंत ऊन माथ्यावर आलं होतं. नदी कसली, वाळूच ती. मी पाट डोक्यावर घेऊन निघाले होते, शाईचा डबा आणि लाटणं हातात, कारण वस्तीवर शेरडं मोकळी फिरतात, तिथलं पोस्टर राहिलं नसेल अशी मला शंका होती, आणि एखादा कागद तिथे मिळाला तर छापता आलं असतं. ती खरी निघाली. भिंतीवर फक्त खळीचा डाग होता आणि एक कोपरा. खाली एक शेळी उभी राहून तो कोपरा कसा काढावा याचा विचार करत होती. चारा नाही आणि भिंतीवर गव्हाचं पीठ म्हटल्यावर तिचं काय चुकलं?

घरात एक बाई होती. तिला विचारलं, "पोस्टर पाहिलं होतं का कुणी?"

"सगळ्यांनी पाहिलं की. मग शेरडानं खाल्लं. उद्या दिस देवळावर गेला की दूध घिऊन यायचंय."

"बाकीच्या बायका कुठायत?"

"झऱ्यावर. पार खालच्या अंगाला. कधी येतील सांगता येत न्हाई. वाटंत रातबी होती कधी."

वस्तीच्या म्हशींचं दूध नसतं तर कॅन भरलेच नसते. हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. मग चेअरमनबाई म्हणाल्या, "कागदावर छापता, तसं भितीवर न्हाई का छापता येत?"

भिंत चुन्याने नुकतीच रंगवल्यासारखी पांढरी होती. मी पाटावर लाटण्याने शाई लावली. आम्ही दोघींनी पाट उचलून भिंतीला टेकवला आणि पाठ लावून, पाय वाळूत रोवून रेटला. बाजूला घेतला तर चित्र उमटलं होतं. सगळीकडे सारखं नाही, चरवीवाल्या बाईचा एक पाय गेलाच होता, पण डोंगर डोंगर होता आणि देऊळ देऊळ. पणजी पुढे आल्या. फुलपात्र गेरूत बुडवून त्यांनी या वेळी सूर्य बरोब्बर डोंगरावर ठेवला. एकच. मग दोन पावलं मागे सरकून डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या.

"आता कोण खातंय बघू," त्या शेळीला म्हणाल्या.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी आम्ही सगळे पारावर होतो. गावातल्या बायका आल्या, मळ्यातल्या आल्या. चेअरमनबाईंनी एकेकीचं दूध मापून घेतलं. एक कॅन भरला, दुसरा अर्ध्यावर थांबला. फाट्याकडून टेम्पोचा आवाज आला आणि मागोमाग धूळ दिसायला लागली. साहेब पुढच्या सीटवर होते. ते उतरले, कॅनमध्ये डोकावले आणि हातातल्या घड्याळाकडे बघितलं. सून बाळाला खांद्यावर टाकून चेअरमनबाईंच्या मागे उभी होती, आणि नदीच्या वाटेकडे बघत होती. तिनेच आधी पाहिलं.

"आत्या," ती म्हणाली, "त्या बघा."

नदीच्या वाळूतून वस्तीवरच्या बायका येत होत्या. एकीमागे एक, डोक्यावर चरव्या, पदर खोचलेले, आणि त्यांच्या मागे डोंगरावर नुकताच आलेला सूर्य. माझंच चित्र चालत येत होतं, फक्त उलटसुलट न होता. मी पारावरून उतरून त्यांच्याकडे धावले. इतका हलका माझा जीव त्याआधी आणि नंतर फार थोड्या वेळा झाला आहे. तुमची आई जन्मली तेव्हा एकदा.

सगळ्यात पुढची बाई धापा टाकत म्हणाली, "का वो घाबरलात? भितीवर काढलं व्हतं की. रातच्याला कंदील धरून बघितलं."

दुसरा कॅन भरला, आणि तिसराही वरपर्यंत. साहेबांनी झाकणं लावून घेतली. जाता जाता चावडीच्या भिंतीवरचं पोस्टर दिसलं तशी थांबले. "हे दोन सूर्य कशासाठी?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात चेअरमनबाई म्हणाल्या, "सायेब, आमचं दूध दोन्ही टायमाला हाय. एका टायमाची गाडी तुमची हाय."

साहेब हसले. "आधी सकाळचं तर रोज भरू द्या," म्हणाले, आणि उद्या याच वेळी येतो असं सांगून गेले. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत चेअरमनबाई तशाच उभ्या होत्या. मग वळून सुनेच्या हातातून बाळ घेतलं आणि त्याला म्हणाल्या, "चल रे. आपलं बिऱ्हाड हितंच."

संध्याकाळी एक गंमत झाली. दिवस देवळावर गेला आणि निम्म्या बायका पुन्हा चरव्या घेऊन पारावर हजर. पोस्टरवर दोन सूर्य होते, म्हणजे दोनदा आणायचं, असा त्यांचा हिशेब. टेम्पो तर नव्हता. मग चेअरमनबाईंनी मोठं पातेलं चुलीवर चढवलं, गूळ टाकला, आणि त्या वर्षी बहुधा पहिल्यांदाच गावातल्या पोरांनी बिनपाण्याचं दूध प्यायलं. पणजीने बाळाच्या ओठांना बोटाने थेंब लावला.

दसऱ्याला गाड्या कोयत्यावर निघाल्या. चेअरमनबाईंचा मुलगा गेला. सून दारात उभी राहून त्याला हात करत होती, आणि मग घाईने आत गेली, कारण धारेची वेळ झाली होती. संध्याकाळचा टेम्पो पुढे पाऊस झाल्यावर सुरू झाला.

भिंतीवरचं तुम्हाला दिसतं ते शाळेवरचं पोस्टर. तुमच्या आजोबांनी ते पाणी मारून अलगद सोडवून आणलं. उजेडात धरलं तर मागची छत्री अजून दिसते. ठसा माझ्याकडे आहे, रबर थोडं तडकलं आहे. पुढच्या सुट्टीत आलात की आपण त्यावर शाई लावू. डोंगर उजवीकडे उमटेल, तो तसाच राहू द्या. गेरू मी भिजवून ठेवीन. सूर्य कुठे ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, फक्त चुकला तर त्यावर काट मारायची नाही.